बाई भागी गयी

जळगाव
३ डिसेंबर २०२४

प्रज्ञाताई,
सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. दिवाळीत तूच आईसमोर मला झापलंस ना, "राजदीप, माझे आवाजी निरोप तू दीडपट वेगाने ऐकतोस आणि 'हो ताई' म्हणून विसरतोस, काम असेल तर कागदावर लिही"? म्हणून हा कागद. वर कंपनीचं नाव छापलंय तिकडे लक्ष देऊ नकोस, साधा कागद सापडला नाही.

काम असं आहे. आमच्या पाइप कंपनीचा सामाजिक उपक्रम विभाग जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या छोट्या शाळांवर एक पुस्तिका काढतोय. विषय साहेबांनी ठरवलाय : 'मर्यादित निधीतही यशस्वी'. केंद्राच्या वाचन चाचणीत तुझ्या सातविहिऱ्याच्या शाळेची तेवीसच्या तेवीस मुलं पास झाली हे मी बैठकीत सांगितलं, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. सख्खी मावसबहीण म्हटल्यावर तर मला खुर्ची पुढे ओढून दिली.

तर निधी नसतानाही तुझी शाळा यशस्वी कशी, हे तीनशे शब्दांत लिहून पाठव. सकारात्मक लिही. खोटं नको बोलायला, माझाही यात स्वार्थ आहे. मी अजून करारावर आहे. पुस्तिका नीट निघाली तर एप्रिलमध्ये कायम होईन.

आईने तुझ्यासाठी कळण्याच्या भाकरीचं पीठ काढून ठेवलंय. कोणी येणारं असेल तर कळव.

तुझा,
राजदीप


दोंडाईचा
११ डिसेंबर २०२४

राजदीप,
जय भीम.

तुझा प्रश्न वाचून मी आधी डबा खाल्ला, मग पुन्हा वाचला. तरी राग गेला नाही. निधी नसताना शाळा कशी चालते, हे विचारणाऱ्यांना निधी द्यायचा नसतो, एवढं मला बारा वर्षांच्या नोकरीत कळलंय. तुझ्यावर चिडत नाही. नाही, चिडतेच आहे, पण तू समोर नाहीस.

तरी सांगते, कारण मुलांचं कौतुक मलाही आहे.

आमच्याकडे 'जोड' असते. चौथीतल्या नाहीतर तिसरीतल्या मुलाला पहिली-दुसरीतलं एक मूल नेमून दिलेलं. त्याचं वाचन मोठ्याने ऐकायचं, तो आला नाही तर घरी जाऊन आणायचा. भूमिका म्हणून तिसरीतली एक मुलगी आहे, तिचा जोड निंबा पहिलीत. कापूस वेचायला आईबरोबर तो शेतात गेला, तर ही पोरगी पाटी घेऊन बांधावर हजर. निंबाची आई मला म्हणाली, "बाई, तुमनी हाई आंडेर मनी पाठ सोडत नही." आंडेर म्हणजे लेक.

दुसरी आमची भिंत. पहिलीत येणारं मूल घरी अहिराणी बोलतं. त्याला पहिल्या दिवशी 'आहे' म्हणायला लावलं की त्याचं तोंड शिवलं जातं, ते दिवाळीपर्यंत उघडत नाही. गावातल्या प्रेमराजभाऊंनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रंग दिला, त्यातला निळा उरला होता. त्याने मी व्हरांड्याच्या भिंतीवर दोन रकाने आखले, 'घरनं' आणि 'शाळेचं'. शे – आहे. बठ्ठा – सगळा. आठे – इथे. रोज एका मुलाने घरून एक शब्द आणायचा. घरच्या म्हाताऱ्या आता शब्द शोधून ठेवतात आणि आमच्याशी भांडतात, हा शब्द घेतला आणि माझा का नाही म्हणून.

तिसरी मंजुळाबाई, खिचडी शिजवणारी. शाळेची किल्ली तिच्याकडे असते. कोण उपाशी आलंय, कोणाचा बाप मारतो, हे तिला माझ्या आधी कळतं.

आणि वेचणीच्या दिवसांत मी सकाळी सातलाच वर्ग घेते. दव वाळेपर्यंत वेचणी सुरू होत नाही, तोवर पोरं माझी. हे वेळापत्रकात कुठेही बसत नाही. छापलंस तर मला नोटीस येईल.

आता मुद्दा. शाळेला मंजूर शिक्षक दोन आहेत. भरलेला एक, म्हणजे मी. हिलाल सर निवृत्त झाल्याला अडीच वर्षं झाली. चार इयत्ता, मतदार याद्या, मोबाइलवरच्या सतरा माहित्या, आणि त्या भरायला नेटवर्क नाही म्हणून टाकीवर चढणं, सगळं एकटीने. मी आजारी पडायचं नाही असं ठरवूनच टाकलंय. जूनमध्ये नवी भरती येणार म्हणतात. तेव्हा तीनशे शब्द नकोत मला. एकच वाक्य छाप : सातविहिऱ्याला दुसरा शिक्षक द्या.

मावशीला सांग, पीठ घ्यायला मीच येईन. कधी ते मला विचारू नकोस.

तुझी,
प्रज्ञाताई


जळगाव
२ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

परवा तुझी शाळा बघून परतताना गाडीत मी डबाही उघडला नाही. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, तब्येत बरी आहे ना? एवढीशी दोन खोल्यांची शाळा आणि आत एवढं काही!

ती भूमिका माझ्या मागेच लागली होती. म्हणाली, "काका, तुमच्या घरचा एक शब्द द्या." मला एकही आठवेना. जळगावातच वाढलो, आई नशिराबादची, ती तिच्या बोलीत बोलते आणि मी मराठीत उत्तर देतो, असंच चाललं आमचं. शेवटी मी 'पाइप' म्हणालो. पोरं जी हसली!

लेख सोबत जोडला आहे. सकाळी सातच्या वर्गाचं छापलेलं नाही, घाबरू नकोस. भिंत आणि जोड दोन्ही घेतलेत. आणि शीर्षक तर असं मिळालंय की साहेबांनी उभं राहून माझी पाठ थोपटली. तू टाकीवर माहिती भरायला गेली होतीस, तेव्हा मी मंजुळाबाईंशी बोलत होतो. त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, "पैसा नही, मानूस नही, तरी शाळा चालस. पन बाई भागी गयी ना." मी लगेच लिहून घेतलं. लेखात ते असं आलंय :

'पैसा नाही, माणूस नाही, तरी शाळा चालते. कारण बाईंनी भागवून नेलं!'

आणि वर मोठ्या अक्षरांत शीर्षक : 'भागतं!' कसं वाटलं?

दुसऱ्या शिक्षकाचं वाक्य मी घातलं होतं, खरंच. साहेब म्हणाले, मागणीचा सूर नको, पुस्तिका प्रेरणा देणारी हवी. मग काढलं. पण ताई, एकदा शाळेचं नाव झालं की शिक्षक आपोआप मिळेल बघ.

राजदीप


दोंडाईचा
१२ जानेवारी २०२५

राजदीप,

भागी गयी म्हणजे दमली रे, शहाण्या.

'थकूनभागून आली' असं आपण मराठीतही म्हणतोच की! त्या बाईने तुला सरळ सांगितलं, तुमची बहीण दमली आहे, बघा जरा तिच्याकडे. आणि तू त्याचं शीर्षक केलंस. विश्वास बसत नसेल तर घरात मावशी आहे, तिला विचार.

तुझा लेख मी मंजुळाबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आसं कवय म्हनं?" म्हणजे, असं मी कधी म्हटलं? मग पोळीचं पीठ मळत बसल्या. त्यांना वाईट वाटलं आहे. गावात कोणी त्यांचं बोलणं कागदावर लिहून घ्यायला आजवर आलं नव्हतं. आला तो तू, आणि उलटं लिहून नेलंस.

मला काय वाटलं ते विचारू नकोस. मला रडू आलं. कौतुक वाचून रडू यावं अशी वेळ तू आणलीस. तू सातवीला असताना तुझे निबंध मी लिहून द्यायचे, तेव्हाच तुला दोन तडाखे द्यायला हवे होते.

शब्द भिंतीवर घातलाय. 'घरनं'च्या खाली भागी गयी, 'शाळेचं'च्या खाली दमली. पोरांना लगेच कळलं. पुस्तिका छापायच्या आत ते शीर्षक बदल, आणि दुसऱ्या शिक्षकाचं वाक्य परत घाल. एवढं तुझ्याकडे मागते आहे. दुसरं कधी काही मागितलं नव्हतं.

प्रज्ञा


जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

आईला विचारलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "दमली म्हनतात रे त्याला. पोर्गी दमली आन् तू टाया वाजवून आला." दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

पण ताई, तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच पुस्तिका छापून आली. दोन हजार प्रती. दोन्ही जिल्ह्यांत वाटूनही झाल्या. साहेबांना मी सांगितलं, शब्द चुकलाय. ते म्हणाले, भाव तोच आहे ना? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. मला तरी वाटतं, वाचणाऱ्याला चांगलंच वाटेल. तुझ्याबद्दल वाईट असं त्यात काहीच नाही.

रागावू नकोस. एक चांगली बातमी ऐकली, जूनच्या यादीत सातविहिऱ्याला नव्या शिक्षकाचं नाव पडणार आहे म्हणे.

राजदीप


दोंडाईचा
१९ जून २०२५

राजदीप,

चार महिने मी लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. मी रागात होते, तू का गप्प होतास ते मला परवा कळलं.

यादीत नाव पडलं होतं. सारिका पाटील, शिरपूरकडची, पहिलीच नेमणूक. शाळा सुरू व्हायच्या आधी ती आईवडिलांना घेऊन शाळा बघून गेली. मी तिला पहिली-दुसरी देणार होते. कपाटातला एक कप्पा पुसून तिच्यासाठी रिकामा केला होता. मंजुळाबाईंनी पोरांकडून तिला भिंत वाचून दाखवली. पोरगी हसत होती, म्हणाली, मला शिकायला मजा येईल इथे.

सोमवारी शाळा उघडली आणि ती आलीच नाही. आदेश बदलला होता, तिला दुसऱ्या मोठ्या शाळेवर दिलं. मी अर्धी रजा टाकून शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांच्या टेबलावर तुमची पुस्तिका होती. त्यांनी ती उघडून माझ्यापुढे धरली आणि कौतुकाने वाचून दाखवलं, "बाईंनी भागवून नेलं! मॅडम, तुमचं भागतंय की. ज्यांचं भागत नाही त्यांना शिक्षक देऊ द्या ना आम्हाला." वर मला चहा पाजला.

मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगायला लागले. सांगता सांगता माझं मलाच हसू आलं. कार्यालयात उभं राहून बाई सांगते आहे, साहेब, ते भागतं नाही, मी भागले. कोण ऐकणार? ते म्हणाले, बैठकीत एप्रिलमध्येच ठरलं होतं, यादीत तेवढा बदल करायचा राहिला होता, आणि तुमचे जळगावचे भाऊ तिथेच बसले होते.

खरं आहे का हे? एवढंच लिही. समजावू नकोस.

प्रज्ञा


जळगाव
३० जून २०२५

ताई,

खरं आहे.

धुळ्याला बैठक होती, आमची कंपनी पुस्तिका सादर करायला गेली होती. तिथे कोणीतरी म्हणालं, ही शाळा एका बाईवर एवढी छान चालते, तर दुसरं पद गरज आहे तिकडे वळवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी साहेबांच्या शेजारी बसलो होतो. उठून म्हणायचं होतं, ते वाक्य चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही व्हायची होती. मी पाणी प्यायलो आणि बसून राहिलो.

मी कायम झालो, ताई. पेढे वाटले तेव्हा आईने घेतला नाही. तिला मी काही सांगितलंही नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे.

काल मी त्या कार्यालयाला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. वाक्य काय होतं, त्याचा अर्थ काय, मी काय केलं, सगळं. उत्तर येईल असं वाटत नाही. तू म्हणशील तर कंपनीकडून शाळेला संगणक मिळवून देतो, पंखे देतो, भिंतीला रंग देतो.

मला शिव्या दे, पण लिहीत जा.

राजदीप


दोंडाईचा
२० जुलै २०२५

राजदीप,

पंखे नकोत. भिंतीला रंग तर मुळीच लावू नका, तिच्यावर अडीचशे शब्द आहेत.

शिव्या द्यायला जोर नाही. तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस. सहा महिने आधी लिहायला हवं होतंस, हे तुला कळतंय, मग मी कशाला उगाळू. तुझ्यावरचा राग संपलेला नाही, पण तो काढायला वेळ लागतो आणि वेळ माझ्याकडे नाही.

या वर्षी पट चोवीस झाला. पहिलीत सात आलेत, शेजारच्या पाड्यावरून पायी येतात. तुझी पुस्तिका वाचून नाही, भूमिकाच्या आजीचं ऐकून. अधूनमधून चक्कर येते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. रविवारी जाईन म्हणते, पण रविवारी मतदार याद्यांचं काम असतं. फळ्यावर उंच लिहिलं की हात भरून येतो, म्हणून आता खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहिते. पहिलीवाल्यांना तेच बरं पडतं.

मावशीला पेढा खायला सांग. तिचा काय दोष.

प्रज्ञाताई


सातविहिरे
११ ऑगस्ट २०२५

राजदीप काका,
नमस्कार. मी भूमिका, आता इयत्ता चौथी. तुम्ही आम्हाला पाइप शब्द दिला होता.

हे पत्र मंजुळा आजी सांगते आहे आणि मी लिहिते आहे. तुमचा पत्ता मॅडमच्या कपाटात पाकिटावर होता. मॅडमनी शिकवलंय की पत्र शाळेच्या भाषेत लिहायचं. पण आजी म्हणते, मागच्या वेळी माझं बोलणं बदललं, या वेळी माझं बोलणं आहे तसंच लिही. म्हणून आजीचं आहे तसं लिहिते आणि बाकीचं माझं.

आजी म्हणते : "भाऊ, बाई दवाखानामा शे."

मॅडम २८ जुलैला फळ्यावर लिहिताना पडल्या. प्रेमराज काकांनी गाडीतून त्यांना दोंडाईचाला नेलं. अंगात रक्त कमी झालंय. तीन बाटल्या रक्त दिलं. आता बऱ्या आहेत, पण डॉक्टरांनी दोन महिने उठू नका म्हटलंय. मॅडमनी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. आजी म्हणाली, सांगायचं.

मॅडम गेल्यावर दुसरं कोणी आलं नाही. मग आम्हीच शाळा भरवली. आजी कुलूप उघडायची. मी परिपाठ घ्यायचे. प्रत्येक जोडी आपापल्या जागी बसायची. चौथीने तिसरीची गणितं तपासली. निंबा आता दुसरीत आहे, तर मी त्याला पहिलीतला एक जोड दिला. सहा दिवस बावीस-तेवीस हजेरी होती. हजेरीपटावर आम्ही नाही लिहिलं, वहीत लिहिलं.

सातव्या दिवशी कार्यालयातून एक साहेब आले. त्यांनी आमचा फोटो काढला. निंबाने त्यांना भिंत वाचून दाखवली. साहेब खूश झाले आणि आजीला म्हणाले, "वा! बाई नसतानाही भागतंय की!" भेटीच्या वहीत त्यांनी लिहिलं, शाळा सुरळीत सुरू आहे. मी वाचलं ते.

आजी चुलीपाशी गेली. तिने खिचडी वाढली. भांडी घासली. मग आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. साहेब गाडीत बसत होते, ते परत आले. म्हणाले, हे काय करता? आजी म्हणाली :

"साहेब, शाळा चालस तवय तुमी मानूस देतस नही. आते शाळा बंद शे. किल्ली मनाजोडे शे. दुसरी बाई येई तवय उघाडसू."

साहेब खूप बोलले. गावातले लोक जमले. प्रेमराज काका आजीच्या बाजूने उभे राहिले, निंबाची आई पण. साहेब म्हणाले, खिचडी बंद केली तर तुमचं काम जाईल. आजी म्हणाली, जाऊ दे. पण घरी गेल्यावर आजी रडली, कारण पाड्यावरची मुलं दुपारी शाळेतच जेवतात. आता तिच्या घरच्या भाकरी ती त्यांना देते. त्या पुरत नाहीत.

आज कुलूप लावून सहा दिवस झाले. कार्यालयातून रोज कोणीतरी फोन करतं. सारिका मॅडमना पाठवू असं म्हणतात, पण कागद आला नाही. आजी म्हणते, कागद नको, बाई पाठवा.

आजीला तुम्हाला एक सांगायचं आहे. तिने मला तीनदा वाचून दाखवायला लावलं, की बरोबर लिहिलंय का :

"भाऊ, तुना पुस्तकमा आते आसं लिखी ले. मंजुळाबाई म्हने, भागत नही."

तुमची,
भूमिका
(आजीचा अंगठा खाली आहे.)

ता. क. आम्ही रोज सकाळी सातला आजीच्या ओट्यावर जोडीने बसून वाचतो. सगळे येतात. आजी म्हणते, हे तेवढं छापू नका.